आमच्या शहराच्या पवनचक्क्यांचा हिशोब मी कसा शोधला

म्युनिकमध्ये घर घेतलं की वीजबिल बहुतेक वेळा एसडब्ल्यूएमचं येतं, म्हणजे श्टाटवेर्के म्युनशेन. वीज, पाणी, गॅस, यू-बान म्हणजे भुयारी रेल्वे, ट्राम, पोहण्याचे तलाव, सगळं याच एका कंपनीकडे. आणि ही कंपनी शंभर टक्के म्युनिक शहराच्या मालकीची आहे, शेअरबाजारात नाही, कुणी खाजगी भागीदार नाही. तर या कंपनीने २००९ च्या आसपास ठरवलं की २०२५ पर्यंत अख्खं म्युनिक वर्षाला जेवढी वीज वापरतं, साधारण ७०० कोटी युनिट, तेवढी हिरवी वीज आपण आपल्या स्वतःच्या प्रकल्पांमधून तयार करायची, आणि त्यासाठी ९०० कोटी युरोंच्या आसपास गुंतवणुकीची तयारी ठेवली. आता बव्हेरियात वारा कमी, वर २०१४ मध्ये इथे नियम आला की पवनचक्कीच्या उंचीच्या दहापट अंतर वस्तीपासून ठेवायचं (२०२२ मध्ये तो बराच सैल झाला), त्यामुळे हा पैसा गेला कुठे, तर समुद्रात. उत्तर समुद्रात, वेल्सच्या किनाऱ्यापाशी, नंतर नॉर्वेत.

मला यात आक्षेप काहीच नव्हता, उलट अभिमानच वाटायचा. पण माझे बाबा एमएसईबीतून रिटायर झालेले, त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "ते ठीक आहे गं, पण पैसे परत येतायत का? हिशोब कुठे बघायला मिळतो?" रिटायर झाल्यावर बाबा नाशिकहून मुद्दाम एमईआरसीच्या, म्हणजे राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या, जनसुनावणीला जायचे, वीजदराची याचिका वाचून हरकती लिहून द्यायचे. आपल्याकडे २००३ च्या वीज कायद्यात कलम ६४ आहे, वितरण कंपनीला दरवाढ हवी असेल तर प्रस्ताव जाहीर करावा लागतो, लोकांच्या हरकती ऐकून घ्याव्या लागतात आणि १२० दिवसांत आयोग निर्णय देतो. वीज कुठून, कितीला घेतली, हे त्या याचिकेत तक्त्यासकट असतं. बाबांना वाटायचं जर्मनीत याच्यापेक्षा दहापट चांगलं असणार. तसं नाहीये, इथे वीजविक्रीत स्पर्धा आहे म्हणून दराची सुनावणी वगैरे होतच नाही, तुम्हाला महाग वाटली तर दुसऱ्या कंपनीकडे जा. म्हणजे शहराने पवनचक्क्यांत घातलेल्या पैशाचं काय झालं हे बघायचं असेल तर उरतात फक्त ताळेबंद आणि अहवाल. ते मी शोधायला बसले, आणि कसे शोधले ते सविस्तर लिहितेय, कारण आपल्यातल्या कितीतरी लोकांची इथे घरं झालीत, मुलं इथल्या शाळेत आहेत, आणि आपल्याला हे बघायचा हक्क आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सगळ्यात आधी मी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. कुणालाही वेबसाइटवरून घेता येतो. पुढची पानं फोटो आणि उद्दिष्टांची, ती सोडून मी सरळ मागच्या आकड्यांवर गेले. नफातोटा पत्रकात एक ओळ सापडली, भागीदारीतल्या कंपन्यांकडून आलेलं उत्पन्न. एकच ओळ! त्यात वारा, गॅस, बाकीच्या कंपन्या, सगळं एकत्र. इथे माझं घोडं अडलं. आमच्या महाराष्ट्र मंडळात एक ताई आहेत, मूळच्या कोल्हापूरच्या, सीए होऊन इथे ऑडिटचं काम करतात, त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, नफातोट्यात नको शोधूस. परिशिष्टात जा. जर्मन व्यापार कायद्यात कलम २८५ आहे, त्यात सांगावंच लागतं की कोणत्या कंपनीत किती टक्के हिस्सा आहे, त्या कंपनीचं भांडवल किती आणि शेवटच्या वर्षी नफा किती तोटा किती."

परिशिष्टात ती यादी खरंच असते, बारीक अक्षरात, कंपन्यांची नावं एकाखाली एक. ही यादी म्हणजे या सगळ्या शोधाची किल्ली आहे. पण ताईंनी तेव्हाच दोन गोष्टी बजावल्या. एक, यादीतला नफा कधीकधी आदल्या वर्षाचा असतो, तळटीप वाचायची. दोन, कायद्यात सूटही आहे. जाहीर केल्याने कंपनीचं मोठं नुकसान होणार असेल तर काही आकडे वगळता येतात, आणि पोटकंपनीचे हिशोब मूळ कंपनीच्या एकत्रित ताळेबंदात धरलेले असतील तर काही अटींवर तिने स्वतःचा वेगळा ताळेबंद जाहीर केला नाही तरी चालतं. हे कायदेशीर आहे, यात कुणाची लबाडी नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की शंभर टक्के शहराच्या मालकीच्या कंपनीला ही सूट द्यायला नको, कारण ही सूट केलीय ती खाजगी धंद्यांचा विचार करून, आणि इथे मालक म्हणजे पंधरा लाख रहिवासी आहेत.

मग मी यादीतले पवन प्रकल्प वेगळे काढले. मोठे चार. वेल्सच्या उत्तर किनाऱ्यासमोर ग्विंट अ मोर, ५७६ मेगावॉट, १६० पवनचक्क्या, त्यात म्युनिकचा हिस्सा ३० टक्के. उत्तर समुद्रात झ्युल्ट बेटाच्या पश्चिमेला ७० किलोमीटरवर डानटिस्क, २८८ मेगावॉट, ८० चक्क्या, ४९ टक्के म्युनिकचे, ५१ टक्के वॅटनफॉल या स्वीडिश वीज कंपनीचे. त्याच्याही पुढे, ९० किलोमीटरवर सँडबँक, तोही २८८ मेगावॉटचाच पण चक्क्या ७२, कारण एकेक मोठी आहे, हिस्सा तोच ४९ आणि ५१. आणि ग्लोबल टेक वन, ४०० मेगावॉट, ८० चक्क्या, म्युनिक २४.९ टक्के. पहिला, दुसरा आणि चौथा यांची उद्घाटनं २०१५ मध्ये झाली, सँडबँक २०१७ मध्ये, आणि एकट्या सँडबँकचाच खर्च १२० कोटी युरोंच्या घरात सांगितला गेला होता.

आता हिस्सा किती हे बघा, चारपैकी एकातही निम्मा नाही. ही गोष्ट सुरुवातीला मला किरकोळ वाटली होती, पण पारदर्शकतेच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी आहे. हिस्सा निम्म्याहून कमी म्हटल्यावर ती कंपनी एकट्या म्युनिकची पोटकंपनी ठरत नाही, तिची उलाढाल, कर्ज, खर्च ओळीओळीने म्युनिकच्या हिशोबात येतीलच असं नसतं, बहुतेक वेळा फक्त वाट्याचा नफातोटा किंवा मिळालेला लाभांश येतो. त्यामुळे प्रत्येक प्रकल्पाच्या स्वतःच्या दाराशी जाऊन कागद मागावे लागतात.

ते दार प्रत्येक देशात वेगळं आहे. ब्रिटनचं सगळ्यात सोपं निघालं. तिथे कंपनीज हाउस म्हणून सरकारी नोंदणी कार्यालय आहे, २०१५ च्या जूनपासून त्यांची सगळी डिजिटल कागदपत्रं फुकट आहेत, लॉगिनसुद्धा लागत नाही. ग्विंट अ मोर ऑफशोर विंड फार्म लिमिटेड असं नाव टाकलं की वर्षावर्षाचे हिशोब, संचालक कधी आले कधी गेले, कर्जाला काय तारण दिलंय, सगळं तारखेनुसार समोर येतं. मी रात्री जेवणं झाल्यावर ते वाचत बसायचे आणि खरं सांगते, मला फार आनंद व्हायचा, की परक्या देशातल्या एका बाईला, तिचं ब्रिटनशी काही देणंघेणं नसताना, हे सगळं वाचता येतंय.

त्या प्रकल्पाची किंमत काय धरायची याचाही एक बाहेरचा पुरावा मिळाला. २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारच्या ग्रीन इन्व्हेस्टमेंट बँकेने याच प्रकल्पातला १० टक्के हिस्सा आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीकडून २२ कोटी पाउंडांना घ्यायचं ठरवलं आणि सरकारी बँक असल्यामुळे ते जाहीर केलं. त्या भावाने ढोबळ हिशोब केला तर म्युनिकच्या ३० टक्क्यांचे ६६ कोटी पाउंड होतात. हा नुसता अंदाज आहे, सौद्याच्या अटी वेगळ्या असू शकतात, पण काहीच हातात नसण्यापेक्षा बरं. शिवाय पाउंड आणि युरोचा प्रश्न असतोच, २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर पाउंड घसरला तेव्हा तेवढ्याच पाउंडांचे युरो कमी यायला लागले, वारा तेवढाच वाहत होता तरी. ताळेबंद वाचताना हे लक्षात ठेवलं नाही तर उगाच वाटतं की प्रकल्प वाईट चाललाय.

जर्मनीत उंटरनेमेन्सरेगिस्टर नावाची कंपन्यांची नोंदवही आहे, तिथेही ताळेबंद फुकट बघता येतात. इथे मला वेळ लागला. जर्मन कायदेशीर भाषा, लांबच लांब शब्द, आणि एकेका प्रकल्पाच्या दोन तीन कंपन्या, एक चालवणारी, एक मालकीची, एक नुसती हिस्सा धरून ठेवणारी. मी एका कागदावर चौकोन काढून कोण कुणाचं किती टक्के मालक ते बाणांनी जोडत गेले. हे केल्याशिवाय पुढे जाऊच नये असं मी सांगेन, नाहीतर एकच नफा दोनदा मोजला जातो.

अजून एक महत्त्वाचं, आणि हे ताईंनी दाखवलं नसतं तर मला कळलंच नसतं. प्रकल्प कंपनीला मालक लोक नुसतं भांडवल देत नाहीत, बऱ्याचदा कर्जही देतात. मग प्रकल्प त्या कर्जावर मालकालाच व्याज देतो. आता व्याज हा प्रकल्पाचा खर्च, म्हणजे कागदावर प्रकल्पाचा नफा कमी दिसतो किंवा तोटाही दिसतो, पण मालकाच्या घरात पैसे येतच असतात, फक्त व्याज या नावाने. त्यामुळे "अमुक प्रकल्प तोट्यात" अशी बातमी वाचली की आधी बघायचं, तोटा व्याजाच्या आधीचा का नंतरचा, आणि व्याज कुणाला गेलं. आणि याच्या उलटही असतं, नफा दिसतो पण तो वाटलाच जात नाही, बँकेचं कर्ज फेडण्यात जातो. म्हणून मी शेवटी नफ्याची ओळ बाजूला ठेवली आणि रोख पैशाचा प्रवास बघायला लागले, प्रत्यक्षात किती आले, किती गेले.

आता सगळ्यात इंटरेस्टिंग भाग, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. या जर्मन समुद्री प्रकल्पांना विजेचा दर कसा मिळतो? इथल्या अक्षय ऊर्जा कायद्यात एक पर्याय होता, ज्यात १२ वर्षं युनिटला १५.४ सेंट घ्यायच्याऐवजी पहिली ८ वर्षं १९.४ सेंट घ्यायचे. म्हणजे पैसे लवकर मिळवून कर्ज लवकर फेडायचं. समुद्र जितका खोल आणि किनारा जितका लांब तितकी मुदत थोडी वाढते, १२ सागरी मैलांच्या पुढच्या प्रत्येक मैलाला अर्धा महिना, २० मीटरच्या पुढच्या प्रत्येक मीटर खोलीला १.७ महिने, या वाढीव काळात दर १५.४ सेंट. आणि हे सगळं संपलं की मग ३.९ सेंट, किंवा बाजारात जो काय भाव मिळेल तो.

हे आकड्यात मांडून बघा. समजा एखाद्या प्रकल्पाने वर्षाला १०० कोटी युनिट वीज बनवली. १९.४ सेंटने १९ कोटी ४० लाख युरो आले. १५.४ सेंटने १५ कोटी ४० लाख. आणि ३.९ सेंटने फक्त ३ कोटी ९० लाख. चक्क्या त्याच, वारा तोच, माणसं तीच, आणि उत्पन्न पाचव्या हिश्श्यावर, जर बाजारभाव साथ देत नसेल तर. म्हणजे पहिल्या आठ वर्षांचे चांगले आकडे बघून "बघा किती फायदा" म्हणणं जितकं चूक, तितकंच नंतरचे पडलेले आकडे बघून "बघा पैसे बुडाले" म्हणणं चूक. पूर्ण आयुष्याचा हिशोब मांडला तरच कळतं. आणि नेमका तोच हिशोब, गुंतवणुकीच्या वेळी काय अंदाज धरला होता आणि प्रत्यक्षात काय झालं, हे दोन्ही शेजारीशेजारी ठेवलेला तक्ता, मला या जाहीर कागदांत सापडला नाही. वार्षिक अहवालाच्या कायद्यात तशी सक्तीच नाहीये. शहर परिषदेत अशा गुंतवणुकींवर चर्चा होते पण धंद्याची गुपितं आहेत म्हणून बराच भाग बंद बैठकीत होतो, कायदा त्याला परवानगी देतो. बोली लावायच्या आधी आकडे गुप्त ठेवणं मला पटतं, स्पर्धक बघत असतात. पण प्रकल्प उभा राहून दहा वर्षं झाली, दर कायद्याने ठरलेला सगळ्यांना माहीत, मग जुन्या अंदाजात आता गुपित काय उरलं? इथे मला खरंच ठामपणे वाटतं की एक मुदत हवी, अमुक वर्षांनंतर मूळ अंदाज खुले.

बिलाकडेही मी परत एकदा नीट बघितलं. त्यात ऑफशोर-नेट्सउमलागे अशी एक ओळ असते, समुद्रातली वीज किनाऱ्यावर आणण्याच्या केबलींसाठीचा आकार. हा देशातले सगळे ग्राहक भरतात. तो सुरू झाला २०१३ मध्ये, तेव्हा तो होता केबल जोडायला उशीर झाला तर प्रकल्पाला द्यायच्या भरपाईसाठी, आणि २०१९ पासून जोडणीचा खर्चही त्यात आला. म्हणजे म्युनिकचा माणूस मालक म्हणून एकदा पैसे घालतो आणि ग्राहक म्हणून परत भरतो. यात चूक काही नाही, केबल कुणीतरी बांधायलाच हवी, पण शहराच्या गुंतवणुकीचा फायदा मोजताना हा खर्च प्रकल्पाच्या हिशोबात दिसतच नाही, हे ध्यानात ठेवायला हवं.

नॉर्वेचं प्रकरण मात्र मला अस्वस्थ करून गेलं. फोसेन भागात रोआन नावाचा प्रकल्प आहे, ७१ चक्क्या, त्यात म्युनिकची भागीदारी. ११ ऑक्टोबर २०२१ ला नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रोआन आणि शेजारचा स्टुरहेया या दोन्ही प्रकल्पांचे परवाने अवैध आहेत, कारण तिथे सामी हे मूळनिवासी लोक रेनडियर चारतात आणि आंतरराष्ट्रीय कराराने त्यांना मिळालेल्या सांस्कृतिक हक्कांचा भंग होतो. चक्क्या तोवर फिरत होत्या. २०२३ मध्ये ऑस्लोत सामी तरुणांनी मंत्रालयांची दारं अडवली, आणि शेवटी मार्च २०२४ मध्ये रोआनबद्दल तडजोड झाली. मी विचार करत बसले की हे ताळेबंदात कुठे दिसतं? जोखीम या मथळ्याखाली एखादा परिच्छेद येतो, रक्कम ठरली की तरतूद येते. पण म्युनिकच्या माणसाला, ज्याच्या नावाने ही गुंतवणूक आहे, त्याला ते कळायला हवं पैशाच्याही आधी. बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, आपल्याकडे साताऱ्याला चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारावर चक्क्या आल्या तेव्हा सुद्धा जमिनीचे प्रश्न होतेच, हिशोबाच्या कागदावर जमीन म्हणजे एक ओळ असते.

यानंतर मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे शहराचा बेटाइलिगुंग्सबेरिष्ट वाचला, शहराचे कुठल्या कुठल्या कंपन्यांत हिस्से आहेत त्याचा वार्षिक अहवाल. बव्हेरियाच्या नगरपालिका कायद्यात कलम ९४ आहे, त्यानुसार हा करावाच लागतो आणि कुणालाही तो बघता येतो, नागरिक असा नसा. कंपनीचा उद्देश, मंडळावर कोण, कमाई कशी, कर्ज किती, हे त्यात असतं. नवीन माणसाने सुरुवात इथूनच करावी, मी उलटीकडून केली कारण मला हा माहीतच नव्हता.

दुसरी म्हणजे आमच्या भागाच्या ब्युर्गरफेरझाम्लुंगला गेले. ही वॉर्डातल्या लोकांची सभा, आपल्याकडच्या ग्रामसभेसारखी म्हणा. तिथे रहिवासी कुणीही बोलू शकतो, मतदानाला हात वर करायला मात्र जर्मन किंवा युरोपियन युनियनचं नागरिकत्व लागतं, माझ्याकडे ते नाही. सभेने मंजूर केलेली शिफारस शहराला तीन महिन्यांच्या आत विचारात घ्यावीच लागते. मला मत नव्हतं पण माईक होता. कापऱ्या आवाजात, व्याकरणाच्या चुका करत मी एवढंच मांडलं की शहराच्या प्रत्येक मोठ्या पवन प्रकल्पासाठी वर्षाला एक पान हवं, त्यावर हिस्सा, आजवर घातलेले पैसे, आजवर परत आलेले पैसे लाभांश आणि व्याज वेगवेगळं, त्या वर्षी तयार झालेली वीज, सुरुवातीला धरलेला अंदाज, विजेचा दर किती आणि तो कधी संपतो, आणि चालू कोर्टकज्जे. सात आठ ओळी. शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा होते, सभा संपल्यावर थांबून म्हणाले की मी पन्नास वर्षं या शहराची वीज वापरतोय आणि हे विचारायचं मला कधी सुचलं नाही, असा तक्ता तुम्ही केला असेल तर मला दाखवाल का. दुसऱ्या आठवड्यात ते आणि त्यांच्या ओळखीच्या एक बाई आमच्याकडे चहाला आले, लॅपटॉप उघडून दोन तास बसलो. जर्मन कागदांत मला जे अडत होतं ते त्यांनी चुटकीसरशी वाचून दिलं.

आता तक्ता आम्ही तिघं मिळून भरतो. सँडबँकची १९.४ सेंटची आठ वर्षं त्यातल्या त्यात उशिरा संपली, डानटिस्क आणि ग्लोबल टेक वनची त्याआधीच, त्यामुळे येणाऱ्या ताळेबंदांत दर उतरल्याचा परिणाम ओळीओळीने दिसायला हवा. ज्यांना यात मदत करायची असेल, विशेषतः नॉर्वेजियन वाचता येणारं कुणी असेल, तर जरूर सांगा, रोआनच्या हिशोबाचा रकाना आमचा अजून अर्धा रिकामा आहे.